थकलेला हप्ता, माथी मारलेला विमा

नोकरी गेली, गाडीचा हप्ता थकला, की अनेक जण वित्तकंपनीचा फोन टाळतात. ब्रिटनमध्ये अशा कर्जदाराला 1974च्या ग्राहक कर्ज कायद्याचा आधार आहे. भाडेखरेदी करारातील एकतृतीयांश रक्कम भरलेली असेल, तर त्याच्या संमतीविना गाडी ताब्यात घेण्यासाठी न्यायालयाचा आदेश लागतो.

अशाच अडचणीसाठी हप्तासंरक्षण विमा होता. प्रत्यक्षात त्यानेच ग्राहकांना लुबाडले. विम्याची एकरकमी किंमत कर्जात मिसळून तिच्यावरही व्याज घेतले गेले. बेरोजगारीच्या दाव्याला मुळातच अपात्र असलेल्या अनेक स्वयंरोजगारितांनाही पॉलिसी विकल्या गेल्या. तक्रारींची मुदत 29 ऑगस्ट 2019 रोजी संपली; भरपाई 38 अब्ज पौंडांवर गेली.

भारताने हा धडा गांभीर्याने घ्यावा. 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ मुदतकर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने मुख्य माहितीपत्रक सक्तीचे केले आहे. कर्जाशी जोडलेल्या विम्याचा खर्चही त्यात दाखवावा लागतो. शोरूममध्ये घाईघाईने सह्या घेण्याआधी तो आकडा ग्राहकाला मराठीत वाचून दाखवावा आणि विम्यासाठी वेगळी संमती घ्यावी. ते टाळणाऱ्या वित्तकंपन्यांवर रिझर्व्ह बँकेने कारवाई करावी.