चालू करता येते, बंद करता येते का?



वीज गावात कधीचीच आली. 2016 च्या उज्ज्वला योजनेनंतर सिलिंडरही घरोघर पोचले. चालू करणे सगळ्यांना येते. वादळात, पुरात, आगीत बंद कसे करायचे, हे घरातल्या किती जणांना येते?

मेन स्विच प्रत्येक जाणत्या माणसाला दाखवून ठेवा. हात-पाय कोरडे असतील तरच त्याला हात लावा. पाणी तिथवर पोचले किंवा तार तुटून पडली, तर लांब राहा, 1912 वर कळवा.

लाइनमन येत नाही म्हणून आपला पोरगा डीपीवर चढतो. हे धाडस नव्हे, ही जिवावरची फुकट चाकरी आहे. खालचे फ्यूज काढले तरी वरची 11 केव्हीची लाइन जिवंतच असते. मोटर दुरुस्त करताना स्टार्टरचा ऑटो आधी काढा. वीज परत आली की मोटर कुणाला विचारत नाही.

गॅसचे वेगळे. वास आला की विजेचे बटण चालू करू नका, बंदही करू नका. ठिणगी दोन्ही वेळा पडते. विस्तव विझवा, रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा. गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. खाली निजलेली लेकरे आधी बाहेर काढा. बाहेर गेल्यावर 1906 लावा.

लाइनमन वेळेवर मिळणे हा बिल भरणाऱ्याचा हक्क आहे. त्याचा नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलाच पाहिजे, असा ठराव या बैठकीत करा. आणि घरी गेल्यावर आजच मेन स्विच एकदा पाडून पाहा.