शाळा कोणाची? सरकारची की समाजाची?

गावोगावच्या प्राथमिक शाळांत मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर एक फलक लावलेला दिसतो. 'शाळा व्यवस्थापन समिती' हे शीर्षक आणि त्याखाली अध्यक्ष, उपाध्यक्ष, सदस्य यांची नावे. फलक ठळक असतो. समिती मात्र अनेक ठिकाणी त्या फलकापुरतीच उरते. आयती लिहिलेली कार्यवृत्ताची वही घरी येते, सदस्य सही करतात किंवा अंगठा उमटवतात आणि कायद्याचे समाधान होते. शिक्षणाचे समाधान होते काय, हा प्रश्न विचारायला कोणी उरत नाही.

वास्तविक कायद्याने पालकाच्या हाती दिलेला अधिकार लहान नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २१ नुसार समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळाले पाहिजे. शाळेच्या कामकाजावर देखरेख, विकास आराखड्याची शिफारस आणि मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ही तिची कामे होत. मोलमजुरी करणारी माता शाळेच्या जमाखर्चाचा जाब विचारू शकते, हे या तरतुदीचे मर्म आहे.

समाजाने शाळा सांभाळावी, ही कल्पना या भूमीला नवी नाही. मद्रासचे गव्हर्नर थॉमस मन्रो यांनी १८२२ मध्ये देशी शाळांची पाहणी करविली. तिचे कागद अभ्यासून धर्मपाल यांनी १९८३ मध्ये 'द ब्यूटिफुल ट्री' हा ग्रंथ सिद्ध केला. तमिळभाषक जिल्ह्यांतील त्या शाळांत शूद्र गणल्या गेलेल्या जातींची मुले बहुसंख्य होती, हे त्यातून समोर आले. मुलींची संख्या मात्र अत्यल्प होती. तो दोष झाकण्याचे कारण नाही. पण त्या शाळा समाजाच्या आधारावर उभ्या होत्या, सरकारी आदेशावर नव्हे. महाराष्ट्रात १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल उभे राहिले, १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला, तेही समाजाच्या बळावरच. स्वातंत्र्यानंतर शाळांची संख्या वाढली, हे शासनाचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु त्याच काळात 'शाळा सरकारची' ही भावना रुजली आणि समाज प्रेक्षक झाला.

स्थानिक प्रतिनिधित्वाचा एक प्रयोग १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने केला होता. त्याखालील नगरांची शिक्षण मंडळे शिक्षणापेक्षा राजकीय सोयीसाठीच अधिक गाजली. २०१३ मध्ये तो कायदा मोडीत निघाला आणि मंडळांचा कारभार क्रमाक्रमाने प्रशासनाच्या हाती गेला. मंडळांसाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. मात्र अधिकारी आणि पालक यांच्यामध्ये आता ही समितीच उरली आहे. तीही निर्जीव राहिली, तर सामान्य माणसाचा शाळेशी असलेला शेवटचा धागा तुटेल.

कायद्यातही विसंगती आहेच. २०१२ च्या दुरुस्तीने खासगी अनुदानित शाळांतील आणि अल्पसंख्याक संस्थांतील समित्यांना केवळ सल्लागाराची भूमिका दिली. पुढे ६ मे २०१४ रोजी प्रमती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याक संस्थांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, संपूर्ण कायद्यातूनच वगळले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न फेरविचारार्थ सरन्यायाधीशांकडे पाठविला. बालकाचा हक्क संस्थाचालकाच्या धर्मानुसार बदलावा काय? अल्पसंख्याक समाजातील गरीब मातेलाही आपल्या मुलाच्या शाळेचा हिशेब विचारण्याचा अधिकार का नसावा? जो करदात्यांचा पैसा घेतो, त्याने पालकांना उत्तर द्यावे, हा नियम सर्वांना सारखाच लागू झाला पाहिजे.

तथापि सगळा दोष कायद्याच्या माथी मारणे ही पळवाट ठरेल. मध्यमवर्गाने आपली मुले महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून काढून घेतली आणि त्यांच्याबरोबर आपले लक्षही काढून घेतले. मागे राहिले ते पालक हातावर पोट असलेले. कामाच्या दिवशी दुपारी बोलावलेली बैठक म्हणजे त्यांच्यासाठी बुडालेली मजुरी. मग त्यांच्या अनुपस्थितीला उदासीनता म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

येथेच कार्यकर्त्याचे काम सुरू होते. बैठक सायंकाळी किंवा सुटीच्या दिवशी व्हावी, असा आग्रह धरता येईल. अनुदानाचा आकडा आणि खर्च बैठकीत मोठ्याने वाचला जावा, आराखड्यात मुलींच्या स्वच्छतागृहापासून वाचनालयापर्यंतच्या गरजा पालकांच्या तोंडून याव्यात, एवढे घडले तरी चित्र पालटेल. पालकांखेरीजच्या जागांत स्थानिक शिक्षणतज्ज्ञालाही वाव आहे. वस्तीतील निवृत्त शिक्षकाने तेथे बसावे. मात्र बसावे ते साहाय्यक म्हणून. खुर्ची अडवून पालकांच्या वतीने बोलणारा कार्यकर्ता हा जुन्या शिक्षण मंडळाचीच नवी आवृत्ती ठरेल. पक्षाचा झेंडा तर शाळेच्या दाराबाहेरच राहिला पाहिजे.

संघटित समाज ही घोषणा व्यासपीठावरून देणे सोपे आहे. तिची परीक्षा होते ती शाळेच्या त्या छोट्याशा खोलीत. तेथे आजवर न बोललेली एखादी माता वही पुढे ओढून "सही करण्याआधी हे वाचून दाखवा" असे म्हणेल, त्या दिवशी शाळा खऱ्या अर्थाने समाजाच्या मालकीची होईल.