चूल बसवल्यानंतर

निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम 1980च्या दशकात सुरू झाला आणि 2002 मध्ये गुंडाळला गेला. तोवर देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्याची नोंद झाली होती. यश बसवलेल्या चुलींच्या संख्येत मोजले जात होते. त्यामुळे दोन वर्षांनी ती चूल पेटते का, हे पाहायला जाणे कुणाचे काम नव्हते. ओडिशात रेमा हन्ना, एस्थर डफ्लो आणि मायकल ग्रीनस्टोन यांनी सुमारे 2,600 कुटुंबांचा दीर्घ अभ्यास केला. धुराड्याच्या चुलीमुळे पहिल्या वर्षी श्वासातून जाणारा धूर कमी झाला, पुढे तो फरक उरला नाही. देखभाल झाली नाही आणि वापर घसरत गेला. सुधारित चुलींच्या आपल्या क्षेत्रात यावरून ‘लोकांनाच नको आहे’ असा निष्कर्ष काढला जातो. मला तो साफ चुकीचा वाटतो. आपण चूल वस्तूसारखी देऊन मोकळे होतो, आणि दोष तिथे आहे.

चुलीच्या आत काय घडते, ते पाहिले की हे पटते. धूर बाहेर जातो तो धुराड्यातल्या ओढीमुळे, आणि काजळी साठली की ओढ मंदावून तोच धूर चुलीच्या तोंडातून घरात येतो. वैलावर भांडे नसेल तर तिथून गार हवा आत शिरते आणि ओढ पुन्हा बिघडते; म्हणजे एकाच भांड्यावर भागणाऱ्या घराला दोन भांड्यांची चूल देणे ही निवडीतलीच चूक. जळणाचेही तसेच. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्मे पाणी असू शकते, आणि एक किलो पाण्याची वाफ करण्यात सुमारे 2,600 किलोज्यूल उष्णता खर्ची पडते. आच थंडावते, वायू अर्धवट जळतात, धूर वाढतो. प्रयोगशाळेत सुक्या, मापात कापलेल्या लाकडावर चुलीला मिळालेला कार्यक्षमतेचा आकडा तुराट्या-पऱ्हाट्या जाळणाऱ्या घराला लागू पडेलच असे नाही. आणि भर पावसाळ्यात सरपण कोरडे ठेवायला जागा आहे का, हे चूल निवडण्याआधी विचारायला हवे.

गॅस आल्यावर या खटाटोपाची गरज काय, असा आक्षेप येतो आणि तो बराचसा मान्य करावाच लागतो. उज्ज्वला योजनेने 2019 पर्यंत आठ कोटी जोडण्या दिल्या. गॅसइतकी स्वच्छ आच घरगुती लाकडाच्या चुलीतून मिळत नाही, आणि धुराडे धूर नाहीसा न करता अंगणात सोडते. ज्याला सिलिंडर परवडतो त्याला आपण चूल सुचवू नये. पण सिलिंडर असलेल्या कितीतरी घरांतही आंघोळीचे पाणी आणि भाकरी सरपणावरच होते, कारण पुन्हा सिलिंडर भरायचा खर्च जड जातो. आपले काम या उरलेल्या आचेसाठी आहे. ग्रामीण माणूस धुराडे सांभाळत नाही, या दाव्याला तर तांब्याचा बंबच उत्तर देतो: मधोमध नळी, खाली जाळी, राख रोज काढावी लागते, आणि तरी तो पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहिला. हवे ते काम चोख करणारे साधन लोक निगुतीने वापरतात.

चूल बसवल्यावर देखभालीसाठी पुन्हा भेटी द्यायच्या तर पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न खरा अवघड आहे. माझ्या मते चुलींची संख्या कमी करून तो उभा करावा. प्रत्येक करारात मजुरीचा काही भाग पहिल्या पावसाळ्यानंतरच्या भेटीपर्यंत राखून ठेवावा. कौलातून किंवा पत्र्यातून काढलेल्या धुराड्याभोवती गळती लागते ती पहिल्या पावसाळ्यातच, आणि गळके धुराडे घरची माणसे काढून टाकतात. त्या भेटीत सांधा बुजवावा, काजळी काढण्याची रीत चूल पेटवणाऱ्या बाईकडून करवून घ्यावी, चुलीचे तोंड तिच्या भांड्यांना आणि तव्याला जुळते का, ते पाहावे आणि जुळत नसेल तर बदलून द्यावे. गावातलाच एखादा गवंडी किंवा कुंभार या कामासाठी तयार करावा आणि त्याच्या फेरीचे पैसे अंदाजपत्रकात आधीच धरावेत.