हिशेब आणि त्यामागची वाट

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्याच्या फाटकाशी मालट्रक येऊन उभा राहतो. पुरवठादाराच्या बिलात माल २० टन. कारखान्याच्या वजनकाट्यावर भरतो १८ टन. खरेदीची नोंद किती टनांची करावी? हा प्रश्न मी एकदा वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात विचारला. बहुतेकांचे उत्तर एकच आले, "सर, बिलाप्रमाणे." मागच्या बाकावरच्या एकाने मात्र उलट मलाच विचारले, "सर, काट्याची पावती हिशेबखात्याकडे येते का?"

'व्यवस्थापन माहिती प्रणाली' असे भारदस्त नाव असलेल्या विषयाचा गाभा त्या मुलाच्या प्रश्नात होता. आणि नेमका तोच आपण शिकवीत नाही, ही माझी तक्रार आहे.

आपण काय शिकवतो? व्याख्या, वैशिष्ट्ये, फायदे, मर्यादा आणि व्यवस्थापनाच्या तीन पातळ्यांचा तो ठरलेला त्रिकोण. विद्यार्थी ते पाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवतो आणि विसरतो. दुसरीकडे तोच विद्यार्थी खासगी वर्गात जाऊन टॅली शिकतो. कोणती कळ दाबली म्हणजे ताळेबंद निघतो, हे त्याला तोंडपाठ असते. पण माहिती जन्मते कोठे, कोणाकोणाच्या हातांतून जाते, वाटेत ती कोण बदलू शकतो, हा मधला सारा प्रदेश अंधारातच राहतो.

हा विचार परका नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थिमित्रांना सांगायला नकोच. १६७४ च्या राज्याभिषेकानंतरचे अष्टप्रधान आठवावेत. जमाखर्च पाहावा अमात्याने, राजपत्रांतील मजकूर तपासून शुद्ध करावा सचिवाने. कामे वेगळ्या हातांत वाटलेली होती. रोजकीर्द, खतावणी, तेरीज हे आपल्या जुन्या दप्तरातले शब्दही एका नोंदीवरून दुसरी नोंद पडताळण्याची वाटच दाखवतात. संगणक आला, वाट तीच राहिली. फक्त ती डोळ्यांना दिसेनाशी झाली.

दिसेनाशी झालेली वाट किती महाग पडते, याचे उदाहरण आपल्याच मुंबईत घडले. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी पंजाब नॅशनल बँकेने आपल्या ब्रॅडी हाउस शाखेतील सुमारे ११,४०० कोटी रुपयांचे गैरव्यवहार जाहीर केले. बँकांच्या परदेशांतील शाखांना पाठविलेली हमीपत्रे 'स्विफ्ट' या संदेशयंत्रणेतून जात होती. पण त्यांची नोंद बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीत होत नव्हती, कारण त्या दोन यंत्रणा एकमेकींस जोडलेल्याच नव्हत्या. पुस्तकांत जे आले, तेवढ्याचा मेळ बसत होता. प्रश्न होता तो पुस्तकांत न आलेल्याचा! पुढे ही जोडणी ३० एप्रिल २०१८ पर्यंत करण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांवर घातले. वर्गातल्या त्या मुलाचा प्रश्न, काट्याची पावती हिशेबखात्याकडे येते का, याच जातीचा नव्हे काय?

"हे संगणकवाल्यांचे काम, आमच्या पोरांचा आधी नावे-जमा तर पक्का होऊ द्या," असे काही सहकारी म्हणतात. पाया पक्का हवा, हे मान्यच. परंतु कायदा आता थांबायला तयार नाही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरायच्या हिशेबाच्या संगणकप्रणालीत प्रत्येक फेरबदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे, आणि ही सोय बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. ती पाळली गेली की नाही, यावर लेखापरीक्षकाने अभिप्राय द्यायचा आहे. ज्याने अशी नोंद कधी उघडून पाहिली नाही, तो अभिप्राय कशाच्या बळावर देणार?

माझी सूचना साधी आहे, खर्चाची तर मुळीच नाही. या विषयाचा पहिला महिना संगणकाला हात न लावता जावा. विद्यार्थ्यांनी एका खरेदीचा मागणीपासून पैसे चुकते होईपर्यंत माग काढावा. खरेदीचा आदेश, माल मिळाल्याची पावती आणि बिल, ही तीन कागदपत्रे कोठे भेटतात, आणि न भेटली तर पैसे अडतात का, हे कागदावर आखून दाखवावे. आदेश देणारा, माल उतरवून घेणारा आणि पैसे देणारा एकच माणूस असेल, तर काय घडू शकते, हेही लिहावे. मग खुशाल संगणकापुढे बसावे. परीक्षेतही व्याख्येऐवजी असा एखादा प्रसंग द्यावा.

नागपूरपासून अवघ्या तीसेक किलोमीटरांवर, वर्धा मार्गावर, एवढी मोठी औद्योगिक वसाहत उभी आहे. सूत, टायर आणि कितीतरी वस्तू तेथे तयार होतात. ट्रक येतात, जातात. आपल्यातली पुष्कळ मुले उद्या तेथल्याच हिशेबखात्यांत बसतील. त्यांच्यापुढे वीस टनांचे बिल येईल तेव्हा त्यांनी काट्याची पावती मागावी, एवढे जरी आपण शिकवू शकलो तरी या विषयाचे सार्थक झाले.