ऊसतोड भगिनींस व त्यांच्या कुटुंबीयांस जाहीर आवाहन

गळीत हंगाम तोंडावर आला असता, धारूर तालुक्यातील एका ऊसतोड भगिनीने गेल्या आठवड्यात जो कागद आमच्यापुढे ठेवला, तो पाहून हे निवेदन तातडीने प्रसिद्ध करणे आम्हांस भाग पडले. सोनोग्राफीच्या त्या अहवालात गर्भाशय किंचित मोठे आहे एवढेच नमूद होते, कर्करोगाचे नावही नव्हते. तरीही ‘पिशवी खराब झाली, आता काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे बजावून तिच्या उचलीतून अनामत भरून घेण्यात आली होती.

हे एकटीचे दुर्दैव नव्हे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली, आणि त्यांत चाळिशीच्या आतल्या कितीतरी! अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे, या तक्रारी पुष्कळदा औषधाने आवरतात. पिशवीबरोबर अंडाशयेही गेली, तर हाडे अकाली ठिसूळ होतात, हे मात्र कोणी सांगत नाही.

शस्त्रक्रियेवर ज्याची मिळकत वाढते तो, आणि पाळीपायी खाडा पडू नये म्हणून जपणारा मुकादम, हे दोघेही हितसंबंधी होत. त्यांचा शब्द अखेरचा मानू नये. ‘अडाणी बाईला अहवाल काय कळणार’ म्हणणाऱ्यांस उत्तर देण्यात आम्ही वेळ दवडीत नाही. प्रश्न विचारावयास पदवी लागत नाही. बैलजोडी घेताना दात पाहून चार जाणत्यांस विचारणारा गृहस्थ बायकोच्या पोटावर सुरी चालविण्यास दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या अंगठा देतो, ही शरमेची गोष्ट आहे.

तेव्हा रोगाचे नाव कागदावर लिहून मागा. कॅन्सर म्हणत असतील, तर तुकडा काढून तपासल्याचा दाखला कोठे आहे, औषधाने भागेल काय, महिनाभर थांबल्यास काय बिघडेल, हे विचारा. रक्तस्राव थांबतच नसेल तर मात्र क्षणभरही न थांबता सरकारी दवाखाना गाठा. एरवी दुसरे मत बीडच्या जिल्हा रुग्णालयात अथवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात घ्या. गर्भाशय काढण्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट २०१९ मध्ये घातली गेली आहे. ती परवानगी दाखविण्यास सांगा. सगळे कागद स्वतःजवळ ठेवा.

आमच्यातील आशाताई, शिक्षिका व निवृत्त परिचारिका छदामही न घेता असे अहवाल वाचून समजावण्याचे काम करीत आल्या आहेत, याचा आम्हांस अभिमान वाटतो. टोळ्या निघेपर्यंत दर रविवारी सकाळी त्या आपापल्या गावच्या शाळेत बसतील. कागद घेऊन या, नवऱ्यालाही आणा.