गणवेशाची सक्ती मुलांवर, जबाबदारी कोणावर?

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. धाराशिव जिल्ह्यातील वाशी, भूम, कळंब भागातून ऊसतोडीला गेलेली कुटुंबे तोपर्यंत गावी परतलेली असतात. उचल फिटलेली असते, पण हाती पैसा उरलेला नसतो. नेमके त्याच वेळी वर्गात विचारले जाते, "गणवेश कुठाय?" उत्तर नसेल तर मुलाला रांगेतून बाजूला काढतात. चाळीस मुलांसमोर बाजूला उभे राहणे म्हणजे काय असते, हे आपल्या समाजाला समजावून सांगण्याची गरज नाही.

गणवेशाला आपला विरोध असण्याचे कारण नाही. कपड्यांवरून जात ओळखली जाण्याचा इतिहास आपण भोगला आहे. म्हणूनच डिसेंबर 1927 मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची ओळख पटवणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि दागिने टाकून द्यायला सांगितले. गणवेशामागेही तोच विचार आहे. मुलाकडे पाहून त्याची जात आणि घरची गरिबी कळू नये. पण गणवेश नाही म्हणून मुलाला वेगळे उभे केले, तर पुसायची ती खूणच आपण ठळक करतो.

योजना आठवीला थांबते

समग्र शिक्षा अभियानातून मोफत गणवेश मिळतो तो शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना. दोन गणवेशांसाठी 600 रुपये धरलेले आहेत. 2024-25 मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून राज्याने कापड खरेदी आणि शिलाई स्वतःकडे घेतली. गणवेश उशिरा आले, अनेकांना ते मापाचे नव्हते. शेवटी डिसेंबर 2024 मध्ये हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. सरकारलाच वेळ पाळता आली नाही, तेव्हा सरकारला कोणी वर्गाबाहेर उभे केले नाही.

हायस्कूलमध्ये प्रश्न अधिक बिकट होतो. जिल्हा परिषदेची शाळा सोडून मुलगा संस्थेच्या अनुदानित हायस्कूलमध्ये गेला की मोफत गणवेश बंद होतो. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई करणारे शिक्षण हक्क कायद्याचे कलम 17 सुद्धा 6 ते 14 वयोगटापुरते आहे. म्हणजे नववीत खर्च वाढतो आणि या कायद्याचे संरक्षण संपते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी नववी-दहावीला मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे, पण तिचा अर्ज प्रवेशानंतर भरायचा असतो. जूनमध्ये कापड घ्यायला ती उपयोगी पडत नाही.

नियम एक, मोजमापही एकच हवे

दुसरा प्रश्न चिन्हांचा. मुंबईतील चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी, बॅज यांवर बंदी घातली. 9 ऑगस्ट 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या परिपत्रकाला अंशतः स्थगिती दिली. टिळा लावणाऱ्यांनाही अडवणार का, आणि नावावरून धर्म कळत नाही का, असे प्रश्न न्यायालयाने विचारले. ते अंतरिम आदेश होते आणि महाविद्यालयापुरते होते, पण प्रश्न हायस्कूललाही लागू पडतात. निळी फीत चालत नसेल, तर मनगटावरचा भगवा दोराही चालता कामा नये. दोरा चालत असेल, तर बाबासाहेबांच्या फोटोचे लॉकेट काढायला लावता येणार नाही.

युवकांनी काय करावे?

पालक-शिक्षक संघाच्या पहिल्याच बैठकीला आपले पालक हजर राहतील, हे पाहा. पुढील मागण्या लेखी द्या :

- गणवेशाचा नियम आणि चिन्हांचा नियम लेखी असावा, सर्वांना सारखा असावा व सूचनाफलकावर लावावा.
- गणवेश नसलेल्या मुलाला वर्गात, परीक्षेत किंवा परिपाठात अडवू नये. पालकांशी बोलावे, तेही खासगीत.
- गणवेश घेण्यासाठी पुरेशी मुदत द्यावी. एकाच दुकानातून खरेदीची सक्ती नको.
- शाळेने जुन्या पण चांगल्या गणवेशांचा साठा ठेवावा आणि ते गाजावाजा न करता द्यावेत.

शेवटचे काम आपल्या विहारांनाही सहज जमेल. दहावी झालेल्या मुलांचे गणवेश एप्रिलमध्येच गोळा करून धुऊन ठेवले, तर जूनमध्ये एखादी मुलगी वर्गाच्या दाराबाहेर उभी राहणार नाही. मात्र गणवेश वाटतानाचे फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकू नका. तोही अपमानच आहे.

नववी-दहावीपर्यंत आणि अनुदानित शाळांतही मोफत गणवेश मिळावा, ही मागणी मात्र सरकारकडेच करावी लागेल. शिस्त हवीच, पण तिची पहिली परीक्षा नियम करणाऱ्यांनी द्यावी.