धसक्यावर उपचार आहे. बंद होणारे दारही हवे

‘त्या दिवसापासून तिनं धसका घेतला’ हे वाक्य कळंब तालुक्यातल्या कोणत्याही गावाला नवे नाही. धसका घेतलेले माणूस झोपेतून दचकून उठते. दारावर थाप पडली की त्याच्या छातीत धडधड सुरू होते. ज्या बांधावर, ज्या रस्त्यावर ती गोष्ट घडली, तिकडे ते पुन्हा फिरकत नाही. घरचे काही महिने सांभाळून घेतात. मग ‘आता किती दिवस मनाला लावून घेशील?’ असे म्हणू लागतात. बोलीने ज्याला इतके नेमके नाव दिले, तो एक आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहे, ही माहिती मात्र गावापर्यंत पोहोचलेली नाही.

यवतमाळ जिल्ह्याने धसक्याची कारणे भरपूर पाहिली आहेत. कर्त्या शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर मागे राहिलेली कुटुंबे येथे गावोगाव आहेत. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने जिल्ह्यात अनेक बळी घेतले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. शेजारच्या राळेगाव तालुक्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘अवनी’ वाघीण मारली जाईपर्यंत परिसरातले लोक सुमारे दोन वर्षे जीव मुठीत धरून शेतात जात होते. तिच्या नावावर तेरा बळींची नोंद झाली होती. अशा प्रत्येक घटनेनंतर पंचनामा होतो, मदतीचा प्रस्ताव जातो, कधी धनादेशही येतो. ज्याने ते डोळ्यांनी पाहिले त्याच्या मनाचे काय झाले, यासाठी पंचनाम्यात रकाना नसतो.

वैद्यकशास्त्र या आजाराला ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ म्हणजे आघातोत्तर तणाव विकार म्हणते. त्याची ओळख तीन खुणांवरून पटते. घडलेली घटना आत्ता, या क्षणी पुन्हा घडत असल्यासारखी डोळ्यांपुढे येते; तिची आठवण करून देणारी जागा, माणसे, बोलणे टाळले जाते; आणि धोका टळून गेला तरी शरीर सतत सावध राहते. मोठ्या आघातानंतर पहिले काही दिवस असे होणे स्वाभाविक आहे आणि बहुतेक माणसे आपल्या माणसांच्या आधाराने सावरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगातील सुमारे ७० टक्के लोकांच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी असा प्रसंग येतो; त्यांपैकी ५.६ टक्क्यांना हा विकार जडतो. म्हणजे प्रत्येक दुःखाला आजाराचे नाव देण्याची गरज नाही. पण महिना उलटला, तरी झोप लागत नाही, कामावर जाववत नाही, मुलांकडे लक्ष लागत नाही, अशी स्थिती असेल तर ‘वेळ हेच औषध’ म्हणून थांबणे चुकीचे ठरते.

या विकारावर प्रामुख्याने बोलण्यातून उपचार होतात. आघातावर केंद्रित ‘कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी’ आणि ‘ईएमडीआर’ या दोन पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच केली. त्यात समुपदेशक रुग्णाला आधी श्वास आणि शरीर शांत करायला शिकवतो. मग बेताबेताने ती आठवण शब्दांत आणली जाते. टाळलेल्या जागेकडे एकेक पाऊल टाकायचे ठरते; पहिल्या आठवड्यात भावासोबत बांधापर्यंत, पुढच्या आठवड्यात विहिरीपर्यंत. ‘मीच लक्ष ठेवायला हवे होते’ यासारखी मन पोखरणारी समजूत तपासून पाहिली जाते. हे एका बैठकीत होत नाही. आठ-दहा आठवडे, ठरलेल्या दिवशी, त्याच माणसाशी बोलावे लागते.

घोडे इथेच अडते. कळंबहून यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. आतल्या गावांना त्याआधी कळंबपर्यंत यावे लागते. दर आठवड्याला एक मजुरी बुडवायची, एसटीचे भाडे द्यायचे आणि मानसोपचाराच्या दारात ओळखीचे कुणी भेटले तर ‘डोक्यावर परिणाम झाला’ ही चर्चा ऐकायची, हे सोपे नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचे आढळले, त्यात नवल नाही. चिंतामणीच्या पायाशी मन हलके करणाऱ्याला तिथे आधार मिळतो आणि तो मिळावाच. मात्र त्या आधाराच्या जोडीला उपचारही हाताशी असायला हवा.

म्हणूनच फोनवरून किंवा व्हिडिओवरून मिळणारी मदत कळंबसारख्या तालुक्यासाठी चैनीची गोष्ट नाही. ती परिणामकारक ठरते का, याचे उत्तर संशोधनाने बऱ्याच अंशी दिले आहे. ब्रिटनमध्ये १९६ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच घटनेमुळे सौम्य ते मध्यम विकार जडलेल्यांना, समुपदेशकाच्या मार्गदर्शनासह इंटरनेटवरून दिलेले उपचार १६ आठवड्यांनंतर प्रत्यक्ष भेटीतील उपचारांपेक्षा कमी ठरले नाहीत. अनेक वर्षे मार खाणाऱ्या स्त्रीला किंवा ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार आहेत अशा माणसाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. त्यांना प्रत्यक्ष तपासणी आणि जवळचे संरक्षण लागते.

भारतात यासाठी सरकारी सोय आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. प्रशिक्षित समुपदेशक आधी ऐकून घेतो आणि गरजेप्रमाणे मानसोपचारतज्ज्ञाशी किंवा जवळच्या आरोग्य केंद्राशी जोडून देतो. मध्यरात्री छाती दडपून येते तेव्हा हा क्रमांक मोठा आधार आहे. पण एक फोन म्हणजे संपूर्ण उपचार नव्हेत. पहिल्या फोननंतर आठ-दहा आठवड्यांची वाट कोण चालवणार, हा खरा प्रश्न आहे.

त्याहून साधी अडचण घराची आहे. दोन खोल्यांच्या घरात एकच स्मार्टफोन, तोही बहुधा नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात. सासू चुलीपाशी, मुले अंथरुणावर. अशा घरात सून आपल्यावर काय गुदरले ते कुणाला आणि कशी सांगणार? शहरातील ऑनलाइन थेरपीने गृहीत धरलेली बंद दाराची खोली गावात सहजी मिळत नाही. खासगी ॲपच्या वाटेवर आणखी काटे आहेत. ‘बेटरहेल्प’ या बड्या कंपनीला ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी इतर कंपन्यांना पुरवल्याच्या आरोपावरून अमेरिकेत २०२३ मध्ये ७८ लाख डॉलरची तडजोड करावी लागली. त्यामुळे पैसे भरण्याआधी समोरची व्यक्ती कोण, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकाने बजावावा. मानसोपचारतज्ज्ञ असेल तर वैद्यक परिषदेची आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते. ‘दोन बैठकींत मुळापासून बरे’ असे आश्वासन देणाऱ्यापासून दूर राहिलेले बरे.

या अडचणींवरचा उपाय विदर्भाने स्वतःच शोधलेला आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याविषयी बोलायला सुरुवात केली. दीड वर्षात नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ने २०१७ मध्ये हे निष्कर्ष छापले. अभ्यास नैराश्याचा होता, पण त्याचा धडा इथेही लागू पडतो. दूरचा तज्ज्ञ तेव्हाच उपयोगी पडतो, जेव्हा जवळचे कुणीतरी त्याच्यापर्यंत हात धरून नेते.

तो हात कळंबमध्ये आहे. प्रत्येक गावात आशा ताई आहेत, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. उपकेंद्रातून दूरच्या डॉक्टरांशी बोलून देणारी ‘ई-संजीवनी’ ही सेवाही देशात रुळली आहे. तीच जोडणी वापरून प्रत्येक उपकेंद्रात आठवड्यातील एक दुपार मनाच्या उपचारांसाठी राखून ठेवावी. दार आतून बंद होईल अशी खोली, चालणारा टॅब, पलीकडे मराठी बोलणारा आणि दर वेळी तोच समुपदेशक, एवढेच लागेल. ‘बीपी तपासायला जाते’ असे सांगून बाई तिथे येऊ शकेल. कुणी विचारणार नाही. आत्महत्या, अपघात किंवा वन्यप्राण्याच्या हल्ल्यानंतर महिनाभराने आशा ताईंनी त्या घरी एकदा जावे आणि झोप, भीती, कामावर जाणे यांविषयी चार प्रश्न विचारावेत. नवी इमारत लागत नाही, नवे पद निर्माण करावे लागत नाही. मात्र या जादा कामाचा मोबदला आशांना वेळेवर मिळायला हवा. सेवाभावाच्या नावाखाली तो बुडू नये.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असे उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. हक्क कागदावरून गावात आणायचा तर जिल्हा परिषदेने आणि आरोग्य विभागाने कळंबपासून सुरुवात करायला हरकत नाही. तोपर्यंत घराघरांतून एवढे व्हावे: धसका घेतलेल्या माणसाला ‘विसरून जा’ म्हणण्याऐवजी १४४१६ हा क्रमांक लावून द्यावा, फोन त्याच्या हातात द्यावा आणि अर्धा तास घरातल्या सगळ्यांनी अंगणात बसावे.